पाहुण्यांचा गुच्छ

सैनिकी अकादमीच्या निवडीत उपयोग होईल म्हणून मी शाळेच्या कॅडेट पथकात शिरले. पण कवायतीच्या सरांनी वर्षभर माझ्या हातात काय दिलं, तर पाहुण्यांसाठीचा गुच्छ! म्हणे, "मुलींना शोभतो." नुसता संताप व्हायचा.

आज अकादमीचे अधिकारी आले. "कोणाला यायचंय आमच्याकडे? एक पाऊल पुढे!"

मी गुच्छ सरांच्या हातात कोंबला आणि पाऊल टाकलं.

"ए बाई, मागे हो!" सर कुजबुजले. मी ढिम्म.

"सर मागे बोलावताहेत, ऐकू येत नाही?" अधिकाऱ्यांनी दरडावलं.

"येतंय ना! पण सावधानमध्ये हलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलंय."

अधिकारी खूश. सरांकडे वळून म्हणाले, "नाव काय हिचं?"

सर हातातल्या गुच्छात माझं नाव शोधू लागले.