देवराव अँड सन्स

पोरं हाताशी आली तशी नागपूरच्या महाल भागातल्या देवरावांनी धाकट्या भावाला सायकलच्या दुकानातून वेगळं काढलं आणि बाहत्तरच्या दिवाळीत 'देवराव अँड ब्रदर्स'ची पाटी पुसून 'देवराव अँड सन्स' रंगवून घेतली.

वर्षभरानं दुकानाची किंमत ठरवायला आलेला दलाल ती पाटी पाहून खूश झाला.

"देवरावजी, 'ब्रदर्स' असतं तर या नावाले कोणी विचारलं नसतं. भाऊ कधी फुटतीन, काय भरोसा? 'सन्स' म्हटलं का गिऱ्हाइकाले वाटते, दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालन. नुसत्या नावाचेच दुप्पट भेटतीन तुमाले!"





"मंग बाबा, टाका ना सही करून," दलालाला घेऊन आलेली दोन्ही पोरं एकदमच म्हणाली.