मोकळं घर

कामठ्यात असं घर कुणी पाहिलं नव्हतं. खुमेंद्रने नागपूरहून डिझायनर आणून मधल्या भिंती पाडल्या, धानाची मोठी ढोली बाहेर काढली, पलंग विकला, कपाटंसुद्धा भिंतीत गडप केली. वास्तूला आलेले पाव्हणे त्या पांढऱ्याफटक भिंतींकडे बघतच राहिले.

"दारातूनच अख्खं घर दिसून राहिलं, पाहा," खुमेंद्र म्हणाला. "आडवं-तिडवं काई ठेवलंच नाई."

"तुनं नशीब काढलं वं बाई," जाऊ खुमेंद्रच्या बायकोला, योगेश्वरीला म्हणाली. योगेश्वरी हसली, नजर मात्र ढोलीच्या रिकाम्या जागेवरून हलत नव्हती.

पाव्हण्यांना पोचवायला गेलेला खुमेंद्र दिवेलागण झाली तरी परतला नाही. मग त्याची गाडी फाटकावर आदळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ योगेश्वरीच्या नावाने शिवी.

लहानगी रविता सवयीने ढोलीच्या जागेकडे धावली. तिथं नुसती चकचकीत फरशी होती.

"मम्मी, आता लपाचं कुठी?"

योगेश्वरीने घरभर पाहिलं. एका नजरेत सगळं घर संपलं.

दाराची कडी वाजली, तशी रविता तिथंच फरशीवर बसली आणि तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.