फाटक्या कानाचा कॅप्टन

"चहा निवतोय," आजींची सून म्हणाली, पण घड्याळजींची नजर भिंतीवरून हलेना.

हाच तो फोटो. कडक गणवेश, छातीवर पदकं आणि डाव्या कानाची फाटलेली पाळी. फ्रेमवाल्याच्या दुकानात त्याची नक्कल दिसली तेव्हा घड्याळजी भर रस्त्यात थबकले होते. "आजींनीच दर्शनी लावायला सांगितलंय," म्हणत फ्रेमवाल्याने पत्ताही दिला होता.

घड्याळजींच्या घरातला आजोबांचा एकमेव फोटो पुरात गेला होता. वडील त्यासाठी शेवटपर्यंत हळहळले. आज तो हाताच्या अंतरावर होता. मागायचा, बस्स.

"ओळखीचे वाटतात?" खाटेवरून आजींनी विचारलं.

"म्हणजे, मी..."

"माझे वडील." आजी ताठ बसल्या. "थेट कॅप्टन म्हणूनच लागले. घोड्यावर काय रुबाब होता! कान लढाईत गेला. गोळी चाटून गेली."

घड्याळजींना ठसका लागला. आजोबा साधे शिपाई म्हणून भरती झाले होते. कॅप्टन व्हायला हयात गेली. घोड्याला तर ते जाम घाबरायचे. आणि कान खेचराने चावला होता! हा किस्सा घरात सांगून सांगून गुळगुळीत झाला होता.

सांगून टाकावं? त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींचे डोळे घड्याळजींच्या चेहऱ्यावर खिळलेले. या वयात हिचा बाप हिरावून घ्यायचा? घड्याळजींना भरून आलं.

"काही चुकलं का माझं?" आजी म्हणाल्या. "चुकलं असेल तर स्पष्ट बोला हं. मला राग यायचा नाही."

"छे हो! सगळं बरोबर आहे." घड्याळजींनी मान डोलावली. "वाघ होते तुमचे वडील."

"नक्की?"

"अगदी शंभर टक्के."

त्यांनी फोटो एकदा डोळे भरून पाहिला आणि चहा तसाच ठेवून ते जिना उतरले.

सुनेने दार लावलं. "काय वाटलं, सासूबाई?"

आजी उशीला टेकल्या. "हाही नुसता बघ्याच निघाला ग; फोटो ज्यांचा त्यांना द्यायचा राहिलाच. जुन्या बाजारातून आणलेल्या फोटोला मी मुद्दाम बाप म्हटलं, नि याने खुशाल मान डोलावली. खऱ्या घरचं माणूस असतं तर भांडलं नसतं का माझ्याशी?"