परसातला तलाव

“भर घालू नकोस. उंचवटा खण,” मास्तर खुर्चीतून म्हणाले.

सूनबाईने मातीचं घमेलं खाली ठेवलं. जमीन सपाट आहे का ते बघायला तिने गवंडी लावतात तशी पाण्याची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत लावली होती. डावी बाजू उंच निघाली, म्हणून ती उजवीकडे माती ओतून भागवायच्या बेतात होती.

“भर घातली तर काय होईल, बाबा?”

“पाण्याच्या वजनाने खचेल. तलाव एका अंगाला कलेल आणि सगळं पाणी शेजाऱ्यांकडे पाहुणचाराला जाईल.”

ती हसली आणि कुदळ उचलून खणायला लागली. मास्तरांनी तोंड फिरवलं. कुणी विचारलं नसताना आपण बोललो, याचा त्यांना स्वतःचाच राग आला होता.

मास्तरांचा सगळा जन्म तरणतलावावर गेला. निम्मं शहर त्यांच्या शिट्टीवर पोहायला शिकलं. मग पक्षाघाताचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजवा हात लुळा पडला. पाण्यात व्यायाम करा, नाहीतर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्तरांनी साफ नकार दिला. ज्या तलावावर एवढा रुबाब केला, तिथे लोकांनी हा हात बघून चुकचुकायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मुलाने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, शेवटी हात टेकले. सूनबाई एका शब्दाने काही बोलली नाही. एके दिवशी ती टेम्पोत पत्रे आणि लोखंडी पट्ट्या घालून घरी आली.

“मला पोहायला शिकायचंय,” तिने जाहीर केलं. “लहानपणी राहूनच गेलं. क्लास काही परवडत नाही. एक कुटुंब घर सोडून चाललं होतं, त्यांनी हा तलाव भंगाराच्या भावात दिला. जमिनीवरच उभा करायचा असतो. मी करते.”

सूनबाई शिवणकाम करायची. दिवसभर मशीन चालवायची आणि उरलेल्या वेळात परसात राबायची. एकही खडा राहू नये म्हणून तिने सगळी वाळू चाळणीने चाळली. वाळूवर लोकांनी टाकून दिलेले जुने गालिचे अंथरले. पत्र्याची भिंत वाऱ्याने कोसळली, तेव्हा कपाळाला हात न लावता तिने ती पुन्हा उभी केली आणि दोऱ्यांनी झाडाला बांधून ठेवली. मास्तर हे सगळं खुर्चीतून बघत होते. बाई जिद्दीची आहे, असं त्यांच्या मनात येई. तोंडातून मात्र एवढंच निघे, “तो नट ढिला राहिलाय.”

घोटाळा झाला तो अस्तर लावताना. तलावाच्या आत घालायचं प्लास्टिकचं अस्तर तिला स्वस्तात मिळालं होतं, पण ते मापाने मोठं होतं. सूनबाईने सवयीने ओठांत टाचण्या धरल्या, चुण्या घातल्या आणि टाचत गेली. चुण्या बसल्यावर टाचण्या नीट काढूनही घेतल्या. खुर्चीत मास्तरांचा डोळा लागला होता. पाणी भरलं, आणि सकाळी परसात चिखलच चिखल. चूक लक्षात आल्यावर ती तिथेच मटकन बसली. मास्तरांनी हसू दाबून पाहिलं, पण ते आवरेना.

“ब्लाऊज नाही गं तो,” ते डोळे पुसत म्हणाले.

आजारपणानंतर ते पहिल्यांदाच असे हसत होते. सूनबाईलाही हसू फुटलं. मग तिने तलाव रिकामा केला, भोक न् भोक शोधलं आणि प्रत्येकावर ठिगळ चिकटवलं. पुन्हा भरला, तर थेंबही गळेना.

त्याच दुपारी ती जुन्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि काठ धरून पाय मारायला लागली. चिखल तुडवावा तसे पाय पडत होते.

“गुडघे वाकवू नकोस,” मास्तर ओरडले. तिचे गुडघे आणखीच वाकले. “श्वास सोड.” तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. मास्तरांनी कळ काढली, काढली, आणि मग त्यांना राहवेना. शिडीला डावा हात घालून ते सदऱ्यासकट पाण्यात उतरले.

“हात धर,” म्हणत त्यांनी डावा हात पुढे केला.

“एका हाताने मी कलंडते, बाबा. दोन्ही द्या.”

मास्तर घुटमळले. पण पाण्यात उजवा हात आपोआप वर तरंगत आला होता, आणि सूनबाईने तो धरलाही.

मग रोजचाच शिरस्ता पडला. मास्तर उलट्या पावलांनी चालायचे आणि ती त्यांचे दोन्ही हात ओढत पाय मारायची. एवढी मठ्ठ विद्यार्थिनी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आज शिकवलेलं उद्या सपाट. मास्तर खेकसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. हळूहळू उजव्या हाताची बोटं तिची बोटं धरायला लागली. एका सकाळी मास्तरांनी सहज चहाचा कप उचलला, तो उजव्या हाताने. सूनबाई लगबगीने आत गेली.

त्या दुपारी तिचा पाय सटकला आणि ती डोक्यासकट पाण्याखाली गेली. मास्तर घाबरून पुढे झेपावले, आणि थबकले. खाली ती जराही गडबडली नव्हती. नाकातून बुडबुड्यांची एकसारखी माळ निघत होती. अंग सरळ झालं, पायांनी एकच सफाईदार फटका मारला आणि ती पलीकडच्या भिंतीशी वर आली. मास्तरांवर नजर जाताच ती खोकायला आणि हातपाय झाडायला लागली.

“बुडाले असते मी, बाबा,” ती धापा टाकत म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. असा फटका पायात मुरायला वर्षं जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिला शिडीपर्यंत आणलं.

“आजच्यापुरतं पुरे,” ते म्हणाले. “उद्याही असंच सगळं विसरून ये.”