सरांची वाटणी

माझा धाकटा भाऊ भूमिती शिकवतो आणि घरातही स्वतःला सर म्हणवून घेतो. वडिलांची जागा समलंब चौकोनी, रस्त्याकडे नऊ मीटर रुंद आणि मागे चार. सरांनी मधे सहा मीटरची समांतर रेघ ओढली, रस्त्याकडचा तुकडा स्वतःला ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, दोन्ही तुकडे समरूप आहेत. कोन न् कोन जुळतो. सही कर."

मी सातवीतून शाळा सोडलेली, तेव्हा मला समरूप म्हणजे सारख्याच मापाचं वाटणार, अशी सरांची समजूत. जन्मभर झग्याच्या वर अरुंद, खाली रुंद कळ्या कापणाऱ्या बाईला समलंब शिकवायला निघालेत. माझा तुकडा त्यांच्या निम्मासुद्धा नव्हता.

"शाळेत तुझा सत्कार आहे ना, त्याचा कोट शिवून होऊ दे, मग करते सही," मी म्हटलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी सर कोट घालायला आले. एक हात कसाबसा बाहीत शिरला, दुसरा काही जाईना. "अगं ताई, हा कुणाच्या मापाचा शिवलास?"

 

"तुमच्याच. समरूप आहे, सर. कोन न् कोन जुळतो. घाला."