नऊशे चौदा किलोमीटर

सलिलने दुकानाच्या काउंटरवर गाडीचे बिघाड वाचणारे तीन स्कॅनर ओळीने मांडले आणि विचारलं, “गाडी कुठली म्हणालात, मॅडम? डिझेल ना?”

“डिझेल. प्रवासी जीप, दोन हजार सहाची,” उल्का म्हणाली. “इंजिन चालू होणार नाही. दुसरी बॅटरी जोडली तर चावीवर वीज येते. तेवढ्यावर वाचता येईल?”

सलिलने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि नजर यंत्रांकडे वळवली. मे महिन्यात उतारावर जांभ्याच्या कड्याला आदळलेली जीप हातखंब्याच्या अख्ख्या नाक्याला ठाऊक होती.

“येईल. या गाड्यांत ते मेमरीत राहतं.” त्याने पहिलं यंत्र उचललं. “हे सगळ्यात स्वस्त. बिघाडाचा कोड वाचतं आणि पुसतं, बस. ते तिसरं मोठ्या वर्कशॉपवाल्यांचं. त्याच्या किमतीत जुनी रिक्षा येईल.”

“आणि मधलं?”

“कोड वाचतं, वर थोडी जास्तीची माहिती. बिघाड झाला की मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो ना? तो लागल्यापासून गाडी किती चालली, तेही सांगतं. पण खरं सांगू? गिऱ्हाईकं ते बघतसुद्धा नाहीत. दुप्पट पैसे कशाला घालता? स्वस्तातलं न्या.”

उल्काने दोन्ही पुस्तिका उघडून, बोट फिरवत, तिच्या गाडीचं नाव यादीत आहे का ते पाहिलं. दोन्हींत होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं ती उपकरणं हाताळत होती. अर्धवट मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं ती मुलांना सांगे.

“मधलं द्या,” ती म्हणाली. “मला सगळं हवंय.”

जीप गंगारामच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली होती. पंचनाम्यात एकच ओळ होती: चालकाला झोप लागली. गाडी चालवणाऱ्या अजिंक्यबरोबर, तिच्या नवऱ्याबरोबर, हर्णेच्या वऱ्हाडातली दोन माणसं गेली. त्यातल्या एकाची आई, कमळा, तेराव्याला दारात येऊन उभी राहिली होती. “तुझ्या घोवाला डुलकी लागली नि माझा झिल गेला,” एवढंच म्हणाली आणि पाणीही न घेता परत फिरली. वेद तेव्हापासून शाळेत गेला नव्हता. दहा वर्षांचा मुलगा रोज एकच विचारायचा, “आई, बाबा झोपले होते?”

गंगारामने बॅटरी जोडली आणि हात पुसले. अजिंक्यची गाडी त्याच्याशिवाय कुणी उघडली नव्हती.

“वैनी, नीट विचार केलात ना? मशीनला माया नसते. काय वायट निघालं तर?”

“असेल ते निघू दे.”

ती चालकाच्या जागेवर बसली. दार उघडून अजिंक्य बाहेर फेकला गेला होता. आतलं सगळं जागच्या जागी होतं. सुकलेली लिंबू-मिरची, गणपती, आणि मीटरच्या काचेवर तिची मरून मखमली टिकली. घाम पुसताना टिकली काढून हाताशी येईल तिथे लावायची तिची सवय. आरशावर, कपाटावर, प्रयोगशाळेत नळाच्या वर. शिमग्यात मांडवीला फिरायला गेले तेव्हा तिने ती इथे लावली. उतरताना काढायला गेली, तर अजिंक्यने हात धरला होता.

“राहू दे गं. घरात भिंतीपेक्षा टिकल्या जास्त आहेत. एक माझ्याकडे राहू दे.”

मग रोज सकाळी तो काच पुसायचा, टिकलीला वळसा घालून.

उल्काने वायर जोडली, चावी फिरवली. मीटरमधले दिवे लागले. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि कोड दाखवला. तिने पुस्तिकेत शोधून मोठ्याने वाचलं, “इंधनाचा दाब कमी.”

गंगाराम सावकाश म्हणाला, “म्हणजे पंप दाब सोडत होता. उतारावर इंजिन बंद पडलं. वैनी, डिझेलच्या गाडीत इंजिन बंद झालं की ब्रेकचा पेडल दगड होतो. उभा राहून दाबला तरी ढिम्म हलत नाय.” त्याने पेडलकडे बोट दाखवलं. “झोपला नव्हता तो. शेवटपर्यंत ब्रेक दाबत होता.”

उल्काने डोळे मिटले. आज संध्याकाळी वेदला उत्तर देता येणार होतं.

“बस झालं वैनी. काढा ती वायर.”

“अजून एक पान आहे,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.

दिवा लागल्यापासूनचं अंतर: ९१४ किलोमीटर.

गंगारामने आकडा दोनदा वाचला. “नऊशे? म्हणजे आठवडाभर तरी दिवा डोळ्यांसमोर, नि हा माणसं भरून गाडी चालवतोय?” त्याने मान हलवली. “नाय हो. दाराची कडी वाजली तरी गाडी घेऊन माझ्याकडे यायचा तो. मी चिडवायचो, बायकोला ताप आला तर एवढा धावतोस काय रे? तो दिवा बघून गप्प बसायचा नाय.”

तो खिडकीतून वाकला. “आता तरी कुठं दिसतोय? चावी चालू आहे, दिसायला हवा. बल्बच उडालाय बघा! त्याला कळणार कसं? थांबा, मीटर खोलतो. बल्ब तुमच्या हातात देतो, ठेवा त्या पंचनामावाल्या पोलिसांपुढे. हर्णेलाही मी स्वतः जाऊन सांगतो.”

तो लगबगीने पाने आणायला गेला.

उल्का स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. गंगारामचे हात कोपरापर्यंत ऑइलने काळे होते. मीटर खोलताना टिकली पुसली जाईल, पडेल, बुटाखाली जाईल. तेवढी तरी तिला हवी होती. तिने पर्स उघडून कोरा कागद काढला. मग नखाने टिकलीची कड उचलली आणि फाटू नये म्हणून ती हळूहळू सोलून काढली.

टिकलीखाली, टिकलीएवढाच, पिवळा दिवा लागलेला होता.