मास्तरांचं माप

शिंपीमास्तर दर वेळी व्याह्यांच्या कमरेला टेप लावायचे, मोठ्याने "अहो, उतरलात की!" म्हणायचे आणि पँट गुपचूप दोन इंच वाढवून शिवायचे. मुलगी त्यांच्या घरात दिलेली, खरं बोलून वाईटपणा कोण घेणार? व्याही इतके खूश, की डायबिटीसच्या गोळ्या आणि सकाळचं चालणं, दोन्ही त्यांनी मास्तरांच्या टेपच्या भरवशावर सोडून दिलं.

मग छातीत कळ आली आणि व्याही थेट दवाखान्यात. तिथेही तेच, "माझी कंबर तर उतरत होती, विचारा आमच्या व्याह्यांना!"

डॉक्टरांनी मास्तरांना खोलीबाहेर गाठून खरं काय ते वदवून घेतलं. "पोटावरची चरबी आणि रक्तातली साखर मिळून त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बुजवत होत्या, आणि तुम्ही त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतात? थोडक्यात वाचले ते. लाज वाटायला हवी!"

मास्तरांची मान खाली गेली.

डॉक्टरांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि पोटावर तटतटलेलं बटण हाताने झाकत हळूच विचारलं,



"मास्तर, माझं माप घ्यायला कधी येता?"